गच्चीत अडकलेलं हजार लिटर पाणी

खानापूरहून जांबोटीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या एका गावात माझ्या आत्याचं घर आहे. खालचा मजला जुना, जांभ्याच्या चिऱ्यांचा. त्यावर पूर्वी मंगळुरी कौलं होती. काही वर्षांपूर्वी कौलं उतरवून वर दोन खोल्या आणि एक हॉल चढवला, आणि त्यावर पाच इंची आरसीसीचा स्लॅब पडला. पहिल्याच उन्हाळ्यात वरच्या खोल्या तापायला लागल्या. कौलाखाली आयुष्य काढलेल्या आत्याला ते सोसेना. मग कुणीतरी सुचवलं म्हणून स्लॅबवर चार इंच हलकं, फेस मिसळून केलेलं काँक्रीट, म्हणजे फोम काँक्रीट, घालून घेतलं. त्यावर एक इंच गिलावा आणि वॉटरप्रूफिंगचा कोट. पुढच्या एप्रिलमध्ये आत्याचा मला फोन आला.

"अगं, एवढे पैसे घातले आणि खोली होती तशीच. रात्री अकरा वाजले तरी वरनं वाफा येतात. तू इंजिनिअर ना, बघून तरी जा."

मी बेळगावात बांधकामाच्याच कामात आहे. फोम काँक्रीट चांगलं की वाईट, असं मला लोक नेहमी विचारतात. आत्याच्या गच्चीनं मला दाखवून दिलं की प्रश्नच चुकीचा आहे. तेच काँक्रीट कोरडं असलं तर एक वस्तू असते आणि ओलं असलं तर दुसरीच. आपल्या भागात, जिथं जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ उघडत नाही, तिथं हा फरक कागदावरचा राहत नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

गच्चीवर काय दिसलं

एप्रिलचा दुसरा आठवडा, दुपारचे साडेतीन. गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता. कोट राखाडी रंगाचा होता आणि त्यावर जागोजागी फुगे आले होते, तव्यावरच्या भाकरीला येतात तसे. काही रुपयाएवढे, काही तळहाताएवढे. एका मोठ्या फुग्यावर मी अंगठा दाबला तर तो पाण्याच्या पिशवीसारखा हलला. सेफ्टी पिन टोचली. आतून थेंब थेंब पाणी आलं, आणि ते हाताला चटका बसेल इतकं गरम होतं. शेवटचा मोठा पाऊस ऑक्टोबरात होऊन गेला होता. सहा महिने कडक ऊन खाल्लेल्या गच्चीतून एप्रिलमध्ये पाणी निघत होतं.

खाली येऊन इन्फ्रारेड थर्मामीटरनं छताचं तापमान घेतलं. साडेपाचला छताची खालची बाजू ३९.२ अंश, खोलीतली हवा ३३.५. पूर्वेकडच्या खोलीतही जवळपास हेच. रात्री नऊ वाजता बाहेर छान वारा सुटला होता, पण छत अजून ३७ च्या वर होतं. आत्या उगाच तक्रार करत नव्हती.

काम कसं झालं होतं, हे मामांकडून आणि नंतर मेस्त्रीकडून कळलं. (आत्याच्या यजमानांना आम्ही मामाच म्हणतो, इकडची रीत.) माल मेच्या तिसऱ्या आठवड्यात पडला. चौथ्या दिवशी वळीव कोसळला, तासभर. त्यानंतर दोन दिवस ऊन पडलं, वरचा भाग पांढरा दिसायला लागला आणि मेस्त्रीनं गिलावा करून कोट मारून टाकला. त्याचंही चुकलं असं एकदम म्हणता येत नाही. पावसाळा तोंडावर होता, कोट नसता तर घर गळलं असतं. पण वरचं कातडं वाळलं म्हणजे चार इंच वाळले, हा समज खोटा होता. काँक्रीट वाळायला साधारण महिन्याला एक इंच धरतात, तेही हवा कोरडी असेल आणि वर काही झाकलेलं नसेल तर. आत्याच्या थराला महिना नव्हे, आठवडाच मिळाला. खाली पाच इंच स्लॅब, त्याच्याखाली पुट्टी आणि प्लास्टिक पेंट, वर कोट. पाण्याला कुठूनच वाट नव्हती.

ओलं फडकं

मी आत्याला पाणी अडकलंय असं सांगितलं तर ती म्हणाली, "पाणी असलं तर गार व्हायला पाहिजे ना? माठ गार होतो की."

हा प्रश्न मला फार आवडला, कारण अनेक शिकलेल्या लोकांचीही इथंच गफलत होते. माठ गार होतो तो पाणी बाहेर झिरपून उडून जातं म्हणून. उडून जाणारं पाणी उष्णता घेऊन जातं. झाकून ठेवलेलं पाणी कुठंच जात नाही. मी तिला विचारलं, चुलीवरचं भांडं उतरवताना फडकं ओलं असलं तर काय होतं?

"हात भाजतो."

"आणि कोरडं असलं तर?"

ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "म्हणजे माझ्या गच्चीवर ओलं फडकं टाकून ठेवलंय म्हण की."

अगदी तेच झालं होतं. फडकं काय किंवा फोम काँक्रीट काय, उष्णता अडवतं ते त्यातल्या कोंडलेल्या हवेमुळे. एखादा पदार्थ उष्णता किती सहज पुढे ढकलतो त्याला उष्णतावाहकता म्हणतात आणि ती वॅट प्रति मीटर केल्विनमध्ये मोजतात. स्थिर हवेची वाहकता साधारण ०.०२६. पाण्याची ०.६, म्हणजे हवेच्या सुमारे तेवीसपट. छिद्रातली हवा हटून तिथं पाणी बसलं की त्या छिद्रानं पक्ष बदलला असं समजा.

कोंडलेलं पाणी नुसतं बसूनही राहत नाही. दुपारी वरचा भाग तापला की तिथल्या पाण्याची वाफ होते आणि ती छिद्रांमधून खाली, थंड बाजूला सरकते. तिथं तिचं पुन्हा पाणी होतं आणि वाफेनं आणलेली उष्णता तिथं सुटते. रात्री कोट गार झाला की उलटा प्रवास. मी टोचलेल्या फुग्यातलं पाणी असंच कोटाखाली येऊन साचलेलं. वाहकतेच्या आकड्यात न दिसणारी ही हमाली ओल्या थरात रोज चालू असते.

तुकडे कापले

अंदाजावर बोलायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मेस्त्रीला बोलावलं. तो आला, जरा संकोचूनच. कन्नड-मराठी मिसळून बोलणारा, पंचवीस वर्षं काम केलेला माणूस. त्याच्याच हातानं तीन ठिकाणी छिन्नी-हातोडीनं चार इंची चौकोनी तुकडे काढून घेतले. कटरला पाणी लागतं आणि त्यानं नमुन्याचा ओलावा बिघडतो, म्हणून कटर वापरला नाही. तुकडा निघाला की लगेच दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून टेप लावला.

पहिला तुकडा हातात घेतला तेव्हाच जाणवलं की हा हलका नाही. फोम काँक्रीट फोडलं की आंबोळीसारखी जाळी दिसायला हवी, एकसारखी, बारीक. इथं खालच्या दीड इंचात जाळी जवळजवळ नव्हतीच. वरच्या भागात होती, पण भोकं वेडीवाकडी, एकमेकांत फुटलेली. आणि तुकड्याचा रंग: वरचा बोटभर थर फिकट, त्याखाली सगळा गडद, ओल्या जांभ्यासारखा थंडगार. गालाला लावला तर ओल कळत होती.

प्रयोगशाळेत वजन केलं, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवलं आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत रोज पुन्हा केलं. जाळीदार माल चोवीस तासांत वाळत नाही, त्याला तीन दिवस लागले. मधल्या तुकड्याचे आकडे असे: ओला असताना १,२३५ ग्रॅम, सुकल्यावर १,०१२ ग्रॅम, आकारमान १,०५० घन सेंटिमीटर. म्हणजे २२३ ग्रॅम पाणी, कोरड्या वजनाच्या २२ टक्के. बाकीचे दोन १९ आणि २४ टक्के. कोरडी घनता घनमीटरला ९६४ किलो.

हे पाणी गच्चीभर पसरून बघू. चार इंचाच्या थरात दर चौरस मीटरला सुमारे २१ लिटर. गच्ची सहाशे चौरस फूट, म्हणजे ५६ चौरस मीटर. हिशेब हजार लिटरच्या वर जातो. आत्याच्या गच्चीवर एका कोपऱ्यात हजार लिटरची काळी टाकी आहे. तशीच एक भरलेली टाकी काँक्रीटमध्ये मुरून बसली होती. मामांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ टाकीकडेच बघत राहिले.

हे पाणी आलं कुठून? वळवाचं थोडं असेल, पण बहुतेक मालातलंच. कोरडी घनता ६०० यावी असा फोम काँक्रीटचा माल ओतताना साधारण ७८० किलो भरतो. मधला फरक म्हणजे वाळताना उडून जायचं पाणी. पाऊस न पडताही ते तिथं असतंच. कारखान्यातून ताज्या आलेल्या एएसी ब्लॉकमध्येही (भिंतीसाठीच्या हलक्या, जाळीदार काँक्रीटच्या विटेत) वजनाच्या तीसेक टक्के ओल असते. ब्लॉक निदान उभ्या भिंतीत दोन्ही बाजूंनी वाळतो, गच्चीवरच्या थराला ती सोय नाही.

छिद्रं दोन जातींची

सच्छिद्र माल म्हणजे उष्णतारोधक माल, एवढंच लोक लक्षात ठेवतात. छिद्रं कोणत्या जातीची हे विचारत नाहीत, आणि सगळी गोम तिथं आहे.

एक जात फेसाच्या बुडबुड्यांची. फोम नीट तयार झाला आणि मिक्सरमध्ये हळुवार मिसळला तर हे बुडबुडे सुटे-सुटे, चहूबाजूंनी बंद राहतात. ओल पोचली तरी आत शिरायला वेळ लागतो. दुसरी जात सिमेंटच्या खळीतल्या केसासारख्या नळ्यांची. सिमेंट आपल्या वजनाच्या साधारण २३ टक्के पाणी रासायनिक रीतीनं बांधून घेतं, आणखी थोडं त्याच्या जेलमध्ये अडकतं. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४ च्या वर गेलं की उरलेलं पाणी जागा अडवून बसतं आणि ते उडून गेल्यावर तिथं नळ्या राहतात. त्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि पाणी ओढून घेतात, दिव्याच्या वातीसारखं. कोरड्या असल्या तर त्याही उष्णता अडवतात. पण त्या कोरड्या राहत नाहीत.

आत्याच्या गच्चीत पहिली जात मेली आणि दुसरी वाढली. मेस्त्रीनं जे सांगितलं त्यावरून उलगडा झाला. फोम घातल्यावर मिक्सर जास्त वेळ फिरवला, का तर माल एकजीव व्हावा. बुडबुडे फुटत गेले, माल बसायला लागला. बसलेला माल घट्ट वाटला म्हणून पाणी वाढवलं. पुन्हा पातळ वाटला म्हणून क्रशरची डस्ट घातली. शिवाय मामांनीच बजावलं होतं की गच्चीवर मिरच्या वाळवायच्या असतात, काजूच्या बिया पसरायच्या असतात, चालून चालून फुटता कामा नये. डस्टमुळे ताकद येते हे मेस्त्रीला ठाऊक होतं. त्यानं मनापासून मजबूत काम केलं. ६०० च्या जागी ९६४ ची घनता त्या मजबुतीतून आली.

ताकद आणि उष्णतारोध एकाच थरातून मागितले की असंच होतं. घनता वाढली की वाहकता वाढते, आणि ती सरळ रेषेत वाढत नाही, जास्तच भराभर चढते. कोरडं असताना ६०० घनतेच्या फोम काँक्रीटची वाहकता ०.१६ च्या आसपास असते, हजाराच्या जवळ गेलं की ०.३०. म्हणजे ओलीचा विचार करायच्या आधीच, नुसत्या मिश्रणानं, निम्मा फायदा गेला होता. चालायचं असेल तर चालायचा थर वेगळा घालावा, रोधक थर वेगळा. ही चूक मेस्त्रीची नाही. काम ठरवतानाच कुणीतरी ते सांगायला हवं होतं.

मामांची काळी खडी

मामांचं मत मात्र पहिल्यापासून वेगळं होतं. "स्लॅबला काळी खडी वापरली गं, ती तापते. गोकाककडची पांढरट खडी आणली असती तर हा त्रास झाला नसता."

आपला जिल्हा या बाबतीत खरंच विलक्षण आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडी हा दख्खनच्या काळ्या बेसॉल्टचा पट्टा. गोकाकला गेलात की दगड बदलतो. घटप्रभा ५२ मीटर खाली उडी घेते तो कडा क्वार्ट्झाइटचा, म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ या खनिजाच्या दगडाचा. सौंदत्ती-रामदुर्गकडेही तोच दगड. त्यामुळे एकाच जिल्ह्यात दोन वेगवेगळ्या स्वभावांच्या खड्या मिळतात.

पण मामांचा अंदाज नेमका उलटा होता. क्वार्ट्झ हे खनिज उष्णतेचं उत्तम वाहक आहे. क्वार्ट्झाइटच्या खडीचं ओलसर काँक्रीट ३.५ च्या आसपास वाहकता दाखवतं, बेसॉल्टचं २ च्या. काँक्रीटमध्ये निम्म्याहून जास्त जागा खडी-वाळूची असल्यामुळे दगडाचा स्वभाव काँक्रीटमध्ये उतरतो. दगडाचा काळा रंग उन्हात तापतो हे खरं, पण गिलावा आणि कोटाखालच्या खडीला ऊन दिसतच नाही.

तरी मी मामांना सांगितलं की गोकाकची खडी घातली असती तरी आत्याला फरक कळला नसता. पाच इंचाचा स्लॅब बेसॉल्टचा असो की क्वार्ट्झाइटचा, उष्णतेला तो अडवतो फारच थोडा. दोघांच्या रोधातला फरक सगळ्या छताच्या रोधाच्या पाच-सहा टक्क्यांएवढा. मोठ्या धरणाच्या काँक्रीटमध्ये, जिथं सिमेंटची उष्णता महिनोन्‌महिने बाहेर पडत राहते, तिथं हा फरक मोलाचा. घराच्या स्लॅबसाठी खडी निवडताना ताकद आणि खाणीचं अंतर बघावं.

हिशेब

वाहकता मोजायचं यंत्र माझ्याजवळ नव्हतं. मी घनता आणि ओल मोजली, आणि त्यावरून वाहकता काढली. हलक्या काँक्रीटमध्ये वजनाच्या एक टक्का ओलीमागे वाहकता साधारण चार ते सहा टक्के वाढते. २२ टक्के ओल म्हणजे १.९ ते २.३ पट. वरची बाजू धरली तर ०.३० चे झाले ०.७०.

आता छताचे थर एकावर एक मांडू. स्लॅबसाठी भारतीय मानक ब्युरोच्या पुस्तिकेतली आरसीसीची १.५८ ही वाहकता धरली. वरच्या-खालच्या हवेचा थर, दोन्हीकडचा गिलावा, स्लॅब, हे सगळं मिळून उष्णतारोध येतो ०.३४. त्यावर हलक्या थराची भर पडायची. मीटरमधली जाडी भागिले वाहकता, इतका सोपा हिशेब आहे.

माहितीपत्रकातल्या ०.१६ प्रमाणे भर पडायला हवी होती ०.६२ ची. छतातून आत येणारी उष्णता त्यामुळे ६५ टक्क्यांनी घटली असती. आत्याला हेच विकलं गेलं. आणि माहितीपत्रक खोटंही नव्हतं. तो आकडा कोरड्या नमुन्याचा होता, ६०० घनतेचा, एवढंच. प्रत्यक्ष घातलेला माल पूर्ण कोरडा असता तर भर ०.३३ ची आणि घट ४९ टक्के. आणि आत्ता, पाणी धरून बसलेल्या अवस्थेत, भर फक्त ०.१४ ची. घट २९ टक्के.

हा शेवटचा आकडा आला तेव्हा मी आणखी एक हिशेब केला, जो मला अजून टोचतो. चार इंच साधा ब्रिकबॅट कोबा, विटांचे तुकडे आणि सिमेंट, आपले गवंडी पिढ्यान्‌पिढ्या घालतात तो, त्याची वाहकता ०.८ च्या जवळपास. तो घातला असता तर घट २७ टक्के आली असती. महागडा फोम आणि जुना कोबा यांत दोन टक्क्यांचा फरक.

रात्रीच्या वाफांचं कारणही याच पाण्यात होतं. पाणी तापायला काँक्रीटच्या चौपटीहून जास्त उष्णता घेतं. दर चौरस मीटरमधल्या २१ लिटर पाण्यानं त्या थराची उष्णता साठवायची क्षमता दुप्पट केली होती. दिवसभर ऊन पीत राहायचं आणि सूर्य मावळल्यावर सावकाश खाली सोडायचं. कौलाचं छप्पर याच्या अगदी उलट. दुपारी तापायचं, पण संध्याकाळी घटकाभरात निवायचं, आणि फटींतून गरम हवा निघून जायची. आत्याला कौलांची आठवण यायची ती नुसती माया नव्हती.

काय केलं

सगळा थर उकरून टाकावा असं एकदा वाटलं. पण चार इंच माल, सहाशे चौरस फूट, तो खाली उतरवायचा, टाकायचा कुठं, आणि स्लॅबला हातोडे बसणार. मी तो विचार सोडला. थर जाड आणि जड होता, पण मेलेला नव्हता. पाणी काढलं तर निम्मं काम तरी देईल.

पावसाळा जाऊ दिला. तेवढे चार महिने फक्त फुटलेले फुगे बंद करून ठेवले, नवं पाणी आत जाऊ नये म्हणून. दिवाळी झाली, हवा कोरडी झाली, तेव्हा वरचा गिलावा आणि कोट सगळा काढला. पहिल्या दिवशी उघड्या पडलेल्या थरातून सकाळी धुकं निघाल्यासारखी वाफ निघत होती. आत्यानं शेजारणीला बोलावून दाखवली. त्यावर गावात सगळे घालतात तसा लोखंडी सांगाड्यावर पत्रा घातला, स्लॅबपासून सात फूट उंच, चारी बाजूंनी मोकळा आणि झड आत येऊ नये म्हणून कडेनं तीन फूट बाहेर काढलेला. ऊन थरावर न पडता वारा मात्र वर्षभर खेळेल. ताडपत्रीची तयारी ठेवली होती, अवकाळी ढग आले की दोनदा अंथरलीही.

पूर्वेकडच्या खोलीवर टाकी असल्यानं तिथं पत्रा घालता आला नाही. तो भाग डिसेंबर ते एप्रिल उघडाच वाळू दिला आणि मग पुन्हा गिलावा करून कोट मारला. नाइलाजानं झालेली ही गोष्ट माझ्या फार उपयोगी पडली. घरात एक खोली नुसत्या वाळण्याचा परिणाम दाखवणारी आणि बाकीच्या वाळणं अधिक सावली दाखवणाऱ्या.

एप्रिलमध्ये पुन्हा तुकडे काढले. ओल सात-आठ टक्क्यांवर आली होती. आपल्या हवेत याच्या फार खाली ती जाईल अशी अपेक्षा मी धरत नाही. वाहकता त्या हिशेबानं ०.४० च्या आसपास. आदल्या वर्षीसारख्याच एका स्वच्छ उन्हाच्या दिवशी, साडेपाचला, खोलीतली हवा तेवढीच असताना, पूर्वेच्या खोलीचं छत ३७.९ निघालं. गेल्या वर्षीपेक्षा सव्वा अंशानं कमी. पत्र्याखालच्या खोल्यांचं ३४.६.

मला खरं तर वाळवण्यानं जास्त फरक पडेल असं वाटलं होतं. सव्वा अंश म्हणजे काहीच नाही असं नाही. पूर्वेच्या खोलीत रात्री साडेनऊच्या सुमारास झोपता येतं, आधी अकरा वाजायचे. पण थराची घनता एकदा ९६४ झाली की वाळवून वाळवून किती मिळणार? मिश्रण चुकलं ते कायमचं चुकतं. ओल निदान उतरवता येते. आणि साध्या मोकळ्या पत्र्याच्या सावलीनं जे काम केलं ते दोन्हींपेक्षा मोठं. ज्यांना गच्ची मोकळीच हवी आहे त्यांनी कोटाच्या वर बंद पेशींचा, पाणी न पिणारा एक्सपीएसचा (कडक प्लास्टिक फोमचा) बोर्ड घालून त्यावर फरशी बसवावी. पाणी पिणारा माल आणि पाऊस यांची गाठच पडू द्यायची नाही असा तो मार्ग आहे. आत्याच्या बजेटात तो बसत नव्हता.

गेल्या नोव्हेंबरात आत्याच्या शेजारच्या घरावर फोम काँक्रीटचं काम निघालं. मेस्त्री तोच. त्यांनी काम मुद्दाम दिवाळीनंतर ठेवलं होतं आणि कोट मार्चअखेरीस मारायचा असं ठरलं होतं. मी गेले तेव्हा मेस्त्रीनं भाजीवाल्याकडचा लटकता काटा आणून ठेवलेला. दहा लिटरची बादली काठोकाठ भरून, रिकाम्या बादलीचं वजन वजा करून बघायचं: पावणेआठ ते आठ किलो भरलं तर माल बरोबर, जास्त भरलं तर फोम मेला. पहिली बादली नऊ किलो सहाशे भरली. त्यानं डस्टच्या ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पोराला सांगितलं, "फोम परत कर. मिक्सर मी सांगितल्यावर बंद." दुसऱ्या घाण्याची बादली काट्याला लावली तेव्हा काटा सात किलो नऊशेवर थांबला. "ओता," तो म्हणाला.